मार्मोट चावतो का? : द्रासपासून त्सो मोरिरीपर्यंत

लडाखला जायचं ठरलं तेव्हा लेकीने सांगून टाकलं, पँगाँग नाही दिसला तरी चालेल, पण मार्मोट, तो डोंगरातल्या बिळांत राहणारा गुबगुबीत प्राणी, बघायचाच. मामींना मात्र धास्ती. २०२० साली मंगोलियात मार्मोट खाऊन पंधरा वर्षांचा एक मुलगा प्लेगने दगावला, ती बातमी त्यांच्या पक्की लक्षात होती. "असल्या प्राण्याजवळ पोरीला कशाला न्यायचं?" असं त्या मला दोनतीनदा म्हणाल्या. मामा डॉक्टर, आरोग्य खात्यात आयुष्य काढलेले. ते म्हणाले, "बातमी खरी आहे. त्या पोराने मांस खाल्लं होतं. आपण लांबून बघू." तेवढ्यावर मामींचं समाधान झालं नाही. खरं सांगायचं तर माझंही झालं नव्हतं. त्यामुळे या प्रवासात डोंगर आणि तळी बघता बघता हा एक प्रश्न सतत बरोबर होता.

पहिला दिवस : श्रीनगर ते कारगिल

पहाटे निघालो. सोनमर्गला चहा घेतला आणि झोजिला चढायला लागलो. खिंडीची उंची ३,५२८ मीटर, म्हणजे लडाखच्या हिशेबाने काहीच नाही, पण रस्ता असा की बाहेर बघायची हिंमत होत नाही. खिंड ओलांडली की हिरवा काश्मीर मागे पडतो आणि उघडे, गवताळ उतार सुरू होतात. गुमरीच्या पुढे चालकाने गाडी हळू केली आणि डावीकडच्या उताराकडे बोट दाखवलं. "वो देखो, फिया." लडाखी लोक मार्मोटला फिया म्हणतात.

लांब होता. दुर्बिणीतून पाहिलं तर सोनेरी-तांबूस अंग, पाठीवर काळसर झाक आणि चांगली लांब शेपटी. ही लांब शेपटीची जात. भारतात मार्मोटच्या दोन जाती आहेत. लांब शेपटीवाला काश्मीर, द्रास, सुरू खोऱ्याच्या बाजूला आणि आखूड शेपटीचा हिमालयी मार्मोट पुढे चांगथांगमध्ये, म्हणजे पूर्व लडाखच्या उंच पठारावर. दोघंही खारीच्या कुळातले. एवढा मोठा प्राणी खारीचा भाऊबंद, हे लेकीला पटेना. मग मामांनी तिला आपल्या अंगणातली खार मागच्या पायांवर बसून शेंगदाणा कसा धरते ते आठवायला सांगितलं. दुर्बिणीतला फिया अगदी तसाच बसून गवत खात होता.

द्रासचं युद्धस्मारक बघून संध्याकाळी कारगिलला मुक्काम.

दुसरा दिवस : कारगिल ते लेह

मुलबेखची मैत्रेयाची मूर्ती, नमिकला, फोटुला, लामायुरू. दिवसभर फिया दिसला नाही. ऊन मात्र कडक.

तिसरा आणि चौथा दिवस : लेह

लेह ३,५०० मीटरवर. इथे दोन दिवस काढायचेच, असा मामांचा दंडक होता. पहिल्या दिवशी कुणालाही गेस्टहाउसबाहेर पडू दिलं नाही. पाणी, सूप, झोप.

दुसऱ्या दिवशी बाजारात फेरफटका मारला तेव्हा एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. लेहमध्ये कुत्री फार. दिवसा ती उन्हात पसरलेली असतात, अंधार पडला की टोळ्या करून फिरतात. गेस्टहाउसच्या मालकीणबाईंनी लेकीला बजावलं, रात्री एकटीने गेटबाहेर जायचं नाही. मी त्यांना मार्मोटबद्दल विचारलं तर त्या हसल्या. "फिया से कोई नहीं डरता, बहनजी. कुत्ते से डरो." कुत्र्यांनी माणसांवर हल्ले केल्याच्या घटना लडाखमध्ये घडल्या आहेत, आणि गावाबाहेर हीच कुत्री फियाच्या आणि काळ्या मानेच्या क्रौंचाच्या पिल्लांच्या मागे लागतात. मामींनी हे सगळं लक्ष देऊन ऐकलं.

पाचवा दिवस : लेह ते पँगाँग

या दिवसाबद्दल जरा सविस्तर लिहिते.

कारू आणि सक्ती ही गावं, मग चांग-ला ही खिंड. ५,३६० मीटर. दहा मिनिटांत फोटो काढून उतरलो, मामांनी घड्याळ लावलं होतं. तांगत्सेला जेवण झालं. पुढे ओढ्याकाठी हिरव्यागार कुरणाचा पट्टा लागतो आणि तिथे आधीच सातआठ गाड्या उभ्या दिसल्या. रस्त्याकडेला ‘प्राण्यांना खायला घालू नका’ अशा अर्थाचा फलक, आणि फलकाच्या अलीकडेच माणसांचा घोळका.

घोळक्याच्या मधोमध फिया होता. हिमालयी मार्मोट, गलेलठ्ठ बोक्याएवढा. पिवळट-तपकिरी केस, नाकाडाकडे गडद रंग, पुढच्या पायांना लांब काळी नखं. तो मागच्या पायांवर उभा राहून एका बाईंच्या हातातलं क्रीमचं बिस्किट घेत होता. बिस्किट दोन्ही पंजांत धरून खाताना त्याचे पटाशीचे दात स्पष्ट दिसले. नारिंगी-पिवळे, लांब, छिन्नीसारखे धारदार. मुळं उकरायला आणि चिवट गवत कापायला केलेले दात आहेत ते. मामांनी लेकीला माझ्या मागे उभं केलं आणि हळूच म्हणाले, "दात बघितलेस ना? आता हात खिशात."

तेवढ्यात व्हायचं ते झालं. नाशिकहून आलेल्या एका कुटुंबातला दहाअकरा वर्षांचा मुलगा पाकीट रिकामं झाल्यावर बोटं चाळवत फियाला जवळ बोलवत होता. दोन फिया एकदम पुढे आले, एकमेकांना ढकलायला लागले, आणि त्यातल्या एकाने बिस्किट समजून मुलाच्या तर्जनीलाच दात लावले. पोरगं किंचाळलं. फिया पळाला. बोटातून रक्त आलं, जखम छोटी होती पण खोल.

मामा पुढे झाले. आमच्याकडची पाण्याची बाटली आणि साबणाची वडी घेतली, मुलाला दगडावर बसवलं आणि धारेखाली बोट धुवायला लागले. बराच वेळ, पंधरा मिनिटं तरी. मुलाच्या आईला वाटत होतं की आता पुरे, बँडेज बांधा. मामा म्हणाले, "बांधायची घाई नको ताई, धुणं महत्त्वाचं." मग त्यांनी वडलांना तीन गोष्टी सांगितल्या. धनुर्वाताचं इंजेक्शन आजच घ्या. रेबीजचं काय करायचं ते तांगत्सेच्या डॉक्टरांना ठरवू द्या. कुरतडणाऱ्या प्राण्यांत रेबीज क्वचित आढळतो, पण अमेरिकेत या वर्गातल्या ज्या प्राण्यात तो सगळ्यात जास्त सापडतो तो तिथल्या मार्मोटचीच एक जात आहे, त्यामुळे रानटी प्राणी चावल्यावर अंदाजाने सोडून द्यायचं नाही. आणि तिसरं, येत्या आठवड्यात ताप आला, काखेत किंवा जांघेत गाठ आली, तर कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी आधी सांगा की लडाखमध्ये मार्मोट चावला होता.

वडील गाडी वळवून तांगत्सेला परत गेले. जाताना त्यांनी मामांचा नंबर घेतला.

घोळका पांगला नाही. अर्ध्या लोकांनी पाहिलंच नव्हतं काय झालं ते. एक तरुण फियाच्या मागे चढावर धावत गेला आणि वीसेक पावलांत छातीला हात लावून खाली बसला. चार हजार मीटरच्या वर धावणं म्हणजे काय, ते त्याला तेव्हा समजलं असावं. मला वाटतं, त्या कुरणावर त्या दिवशी माणसांना जो काही त्रास झाला त्यात फियाचा स्वतःहून काहीच वाटा नव्हता. तो कुणाच्या अंगावर गेला नाही. आम्हीच त्याला बिळापासून रस्त्यावर आणलं होतं. थोडं पुढे डांबरावर गाडीखाली आलेला एक फिया पडलेला होता. लेक बराच वेळ गप्प होती.

पागल नाला दुपारच्या पाण्याने फुगला होता, तिथे थोडं थांबावं लागलं. स्पांगमिकच्या तंबूत पोचलो तेव्हा तळ्यावर संध्याकाळ उतरत होती.

जेवण झाल्यावर मामींनी विषय काढला. "मग त्या पोराला प्लेग होईल का हो?" मामा म्हणाले, होणार नाही असं वाटतं, पण का सांगितलं ते ऐक. आणि मग ते बरंच बोलले.

१९९४ साली ते बीड जिल्ह्यात होते. किल्लारीच्या भूकंपाला वर्ष होत आलेलं. भीतीपोटी मामला गावातले लोक घराबाहेर झोपत, घरात साठवलेल्या धान्यावर उंदीर माजलेले. मग उंदीर पटापट मरून पडायला लागले आणि पाठोपाठ लोकांना पिसवा चावायला लागल्या. उंदीर मेला की त्याच्या अंगावरची पिसू थंड पडलेलं शरीर सोडते आणि जे गरम अंग सापडेल त्यावर उडी मारते. गाठीचा प्लेग माणसात येतो तो बहुतेक असा. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत पिसवांचं हे काम दाखवून दिलं. त्याच्या आदल्याच वर्षी पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. मामा म्हणाले, "मामल्यात कीटकनाशकाची भुकटी मारताना आणि टेट्रासायक्लिनच्या गोळ्या वाटताना मला सारखं वाटायचं, त्या काळी या गोळ्या असत्या तर."

उंदराच्या जागी मार्मोट ठेवला की मंगोलिया आणि चीनमधली गोष्ट समजते. तिथल्या माळांवर आणि तिबेटच्या पठारावर प्लेगचे जंतू मार्मोटांत आणि त्यांच्या पिसवांत टिकून राहतात. पण लांबून बघणाऱ्याला त्याची बाधा होत नाही. होते ती शिकाऱ्याला, कातडी सोलणाऱ्याला, कच्चं मांस खाणाऱ्याला. २०१९ मध्ये मंगोलियातल्या बायान-उल्गी प्रांतात एका जोडप्याने औषधी म्हणून मार्मोटचं कच्चं मूत्रपिंड खाल्लं, दोघंही गेले. २०१४ मध्ये चीनच्या युमेन शहरात एका माणसाने मेलेला मार्मोट कापून कुत्र्याला घातला. तो मेला, १५१ लोकांना वेगळं ठेवावं लागलं आणि तीस हजारांची वस्ती काही दिवस बंद राहिली.

सगळ्यात भयंकर प्रकार १९१०-११ चा, मांचुरियातला, म्हणजे चीनच्या ईशान्य भागातला. युरोपात मार्मोटच्या कातड्याला भाव आला म्हणून हजारो नवखे शिकारी तिथल्या टारबागान जातीच्या मार्मोटाच्या मागे लागले. जुने मंगोल शिकारी मलूल, अडखळत चालणाऱ्या मार्मोटला हात लावत नसत. नव्यांना ते ठाऊक नव्हतं, उलट असा प्राणी पकडायला सोपा. प्लेग फुप्फुसात शिरला, मग त्याला पिसूचीही गरज उरली नाही, खोकल्यातून माणसाकडून माणसाकडे पसरला. काही महिन्यांत साठ हजारांच्या आसपास माणसं मेली. पेनांगमध्ये जन्मलेले, केंब्रिजला शिकलेले डॉ. वू लिएन-तेह यांनी हार्बिनला जाऊन कापसाच्या पट्टीचे मुखपट्टे वापरायला लावले, गोठलेल्या जमिनीत पुरता न येणारी प्रेतं बादशहाची परवानगी काढून जाळली, आणि साथ आटोक्यात आणली.

"आणि लडाखमध्ये?" मी विचारलं. मामा म्हणाले, इथे फियाची शिकार करून खाण्याची रीत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो संरक्षित आहे. आपल्याकडे रानातून प्लेग आला तो हिमाचलमध्ये. २००२ साली शिमला जिल्ह्यातल्या हाटकोटीला १६ जण आजारी पडले, चार दगावले, आणि सुरुवात शिकारीला गेलेल्या माणसापासून झाली होती. म्हणून जिवंत फियाला खायला घालू नये, आणि मेलेल्या फियाला तर काठीनेसुद्धा हलवू नये. आज वेळेत औषध मिळालं तर प्लेग बरा होतो, फक्त डॉक्टरला शंका यायला हवी. म्हणून तो निरोप.

मामी म्हणाल्या, "हे आधीच नीट सांगितलं असतंत तर मी कशाला घाबरले असते?"

सहावा दिवस : पँगाँग ते हानले

तळ्याच्या काठाकाठाने मान, मेराक, मग चुशूल. रेझांगलाच्या स्मारकापाशी उतरलो. १८ नोव्हेंबर १९६२ च्या त्या पहाटे चिनी सैन्याशी लढलेल्या मेजर शैतान सिंग यांच्या तुकडीची नावं वाचताना कुणी काही बोलत नाही. पुढे त्सागाला, लोमा आणि हानले. वाटेत क्यांग, म्हणजे रानगाढवांचे कळप धुळीचे लोट उडवत धावले.

हानलेच्या वेधशाळेतली दोन मीटरची दुर्बीण बंगळुरूजवळच्या होसकोटेहून चालवतात, हे ऐकून लेक चाट पडली. रात्री आकाशगंगा दिसली. तिच्याबद्दल लिहिणाऱ्यांनी खूप लिहिलंय.

इथे एक नवी माहिती मिळाली. फियाच्या जुन्या, सोडलेल्या बिळांत कोल्हा राहतो, आणि पलासचं रानमांजरही. हानलेला हल्ली छायाचित्रकार येतात ते या मांजरासाठी, आणि वाटाड्या त्यांना आधी फियाच्या वसाहती दाखवतो.

सातवा दिवस : हानले ते कोरझोक

न्योमा, माहे पूल, सुमदो, आणि नामशांगलाच्या पलीकडे क्यागर त्सोच्या आधीचं पठार. इथे बिस्किटवाले पोचलेले नाहीत. चालकाने गाडी रस्त्यावरच थांबवली, इंजिन बंद केलं आणि म्हणाला, खाली उतरू नका, काचा खाली करा.

सुरुवातीला काहीच नाही. मग उतारावरच्या मातीच्या ढिगावर एक डोकं वर आलं. पहारेकरी. तो उभा राहिला, पंजे छातीशी धरून. एक तीक्ष्ण शिट्टी, लगेच दुसरी. प्रत्येक शिट्टीसरशी शेपटी झटकन वर उडत होती. सगळी वसाहत बिळांच्या तोंडाशी गोळा. आम्ही हललो नाही. पाचेक मिनिटांनी शिट्ट्या थांबल्या आणि मग जे दिसलं त्यासाठी लेकीने एवढा हट्ट केला होता. मोठे फिया चरायला लागले. तीन पिल्लं बाहेर आली, त्यातली दोन समोरासमोर उभी राहून पंजाला पंजा लावून एकमेकांना रेटत होती, पडत होती, परत उभी राहत होती. एक म्हातारा फिया दगडावर पालथा पडून ऊन खात होता, पोटाची चरबी दगडाच्या कडेवरून ओघळलेली. ही चरबीच त्यांची शिदोरी. ऑक्टोबरच्या सुमारास सगळं कुटुंब खोल बिळात उतरतं, तोंड माती-दगडांनी बुजवतं आणि एप्रिलपर्यंत झोपतं. कमवायला उन्हाळ्याचे मोजके महिने. त्यातला वेळ रस्त्यावर मैदा आणि साखर मागण्यात गेला, कुत्र्याची आणि कोल्ह्याची भीती मोडली, तर पुढचा हिवाळा कसा निघायचा?

मध्येच गरुडाची सावली उतारावरून सरकली. एक शिट्टी, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत माळ रिकामा.

थोडं पुढे एक चांगपा, म्हणजे चांगथांगच्या भटक्या पशुपालकांतले, आजोबा पश्मिना शेळ्या घेऊन चालले होते. चालकाने थांबून त्यांची विचारपूस केली, मी त्याच्यामार्फत माझा प्रश्न विचारला. फियाने कधी कुणाला त्रास दिलाय का? आजोबांनी थोडा विचार केला. फिया चावतो, पण त्याला बिळाच्या तोंडाशी अडवलं तरच. नाहीतर तो पळतो. मग ते म्हणाले, त्रास होतो तो बिळांचा. त्यांचा एक घोडा भरधाव येताना बिळात पाय अडकून पडला होता, पाय मोडला. माळावर अंधारात चालणाऱ्या माणसाचाही घोटा जातो. म्हणून जिथे फियांची वस्ती तिथून ते घोडा हाताने धरून नेतात. फियावर राग आहे का, असं विचारलं तर त्यांना प्रश्नच कळला नाही. चालकाने परत समजावून सांगितला. ते म्हणाले, तो त्याच्या घरात राहतो.

मग त्यांनी लेकीला चुर्पे दिलं, याकच्या दुधाचं वाळवलेलं चीज. ती कोरझोकपर्यंत चघळत होती. त्सो मोरिरी ४,५२२ मीटरवर, पँगाँगपेक्षा शांत. मला तेच जास्त आवडलं.

आठवा दिवस : कोरझोक ते लेह

सुमदोला परत येऊन पुगाची गरम पाण्याची कुंडं बघितली, त्सो कारवर क्रौंचांची जोडी दिसली आणि तागलांगला ओलांडून उतरायला लागलो. उपशीजवळ मोबाइलला रेंज आली तसा मामांनी नाशिकच्या त्या गृहस्थांना फोन लावला. मुलाची जखम सुकली होती, ताप नव्हता. तांगत्सेच्या डॉक्टरांनी रेबीजची लस सुरू केली होती, पुढचे डोस नाशिकला. मामांनी तारखा विचारून घेतल्या आणि एकही चुकवू नका म्हणून सांगितलं.

मुलाला मार्मोट परत बघायचा होता, आणि त्यांचे दोन दिवस अजून शिल्लक होते. मामांनी फोन माझ्याकडे दिला. मी त्यांना नामशांगलाच्या पलीकडची जागा सांगितली. सकाळी नऊच्या आत पोचा, गाडी वसाहतीपासून पन्नासेक पावलं अलीकडे थांबवा, इंजिन बंद करा, कुणीही उतरू नका. पहिली शिट्टी झाली की निघून जाऊ नका, तिथून पुढे पंधरा मिनिटं धरा. आणि बिस्किटांचा पुडा डिकीत ठेवा.